सीएफआय: सोळा प्रश्नांची फुकट मुलाखत मराठीत कुठे चालते, कुठे अडते

‘तुमच्या समाजातल्या लोकांना तुम्ही हा त्रास कसा सांगाल?’ सीएफआय ही माणसाचा त्रास त्याच्या संस्कृतीतून समजून घ्यायची मुलाखत, आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर ते असं होतं. मूळ इंग्रजीत तिथे ‘कम्युनिटी’ आहे, म्हणजे आजूबाजूची, आपली वाटणारी माणसं. मराठीत ‘समाज’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानावर जात पडते. ‘आमच्या समाजात असलं काही बोलत नाहीत,’ असं उत्तर येतं आणि समोरचा शिकाऊ समुपदेशक खूश होतो, की बघा, संस्कृती सापडली. विचारायचं होतं शेजारणीला काय सांगता ते, उत्तर आलं जातीचं. बाकीच्या मुलाखतीत ती बाई जपूनच बोलणार, कारण तिच्या दृष्टीने तुम्ही पहिल्या पाच मिनिटांतच जात काढली.

या एका शब्दावरून सीएफआय मोडीत काढायची नाही. वेगवेगळ्या भाषा-धर्म-जातींच्या माणसांबरोबर काम करायला समुपदेशकांना शिकवण्यासाठी जी साधनं हाताशी आहेत, त्यात हे सगळ्यात वापरण्याजोगं आहे. पण जसंच्या तसं उचललं तर फसतं, आणि कुठे फसतं ते आधीच सांगता येतं.

सीएफआय म्हणजे कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने ती २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या आपल्या पुस्तकात, आणली. त्याआधी १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये सांस्कृतिक मांडणीचा नुसता आराखडा होता, तोही मागच्या परिशिष्टात. काय बघा एवढं तो सांगायचा, तोंडाने नेमकं काय विचारा ते नाही. सीएफआयने ती उणीव भरून काढली आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही ती कायम आहे. तिच्या चाचण्या सहा देशांत झाल्या: अमेरिका, कॅनडा, नेदरलँड्स, पेरू, केनिया आणि भारत. भारतातल्या केंद्रांपैकी एक पुण्यात होतं. म्हणजे मराठी माणसाचा विचार न करता हे बनवलं, अशी तक्रार करायला फारशी जागा नाही.

संचात तीन गोष्टी येतात. मुख्य मुलाखत सोळा प्रश्नांची. नातेवाईक किंवा सोबत आलेल्या माणसासाठी वेगळी, सतरा प्रश्नांची. आणि बारा पूरक मॉड्यूलं: आजाराबद्दलची समजूत, रोजची कामं कितपत जमतात, नातीगोती आणि आधार, ताण, श्रद्धा-धर्म, सांस्कृतिक ओळख, त्रासाला तोंड देणं आणि मदत शोधणं, रुग्ण-डॉक्टर संबंध, शाळकरी मुलं, वयस्कर माणसं, स्थलांतरित-निर्वासित, आणि सांभाळ करणारे. सगळं असोसिएशनच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. आपल्या रुग्णांसाठी चिकित्सक आणि अभ्यासक परवानगीविना प्रती काढू शकतात, असं कागदावरच छापलेलं आहे. फी घेऊन शिकवण्याच्या पुस्तिकेत ती छापणार असाल तर मात्र आधी परवानगी मागा. डीएसएमचं जाडजूड पुस्तक विकत घेण्याची यासाठी काहीच गरज नाही.

कागद दोन रकान्यांत आहे. डाव्या रकान्यात तो प्रश्न कशासाठी आहे आणि काय हाती लागायला हवं ते, उजव्या रकान्यात प्रत्यक्ष विचारायची वाक्यं. प्रशिक्षणातली पहिली चूक इथेच होते. शिकणारे उजवा रकाना मोठ्याने वाचतात, डावा उघडतही नाहीत. मग प्रश्न विचारला जातो, उत्तर मिळतं, खूण केली जाते आणि गाडी पुढे. डावा रकाना वाचलेला माणूस तोच प्रश्न आपल्या शब्दांत, समोरच्याच्या बोलीत विचारू शकतो. म्हणून पहिल्या सत्रात उजवा रकाना झाकायचा. फक्त डावा वाचायला द्यायचा आणि ‘हे कळून घ्यायला तुम्ही काय विचाराल?’ म्हणून प्रत्येकाकडून मराठी वाक्य लिहून घ्यायचं. पाऊण तास जातो, पण पुढचे दोन दिवस वाचतात.

दुसरी मेख आहे चौकोनी कंसातला ‘प्रॉब्लेम’ हा शब्द. मुलाखतभर जिथे जिथे हा कंस येतो तिथे त्या माणसाने पहिल्या प्रश्नात स्वतः वापरलेला शब्द घालायचा आहे. ‘जीव घाबरतो’ म्हणाली असेल तर पुढे ‘हे जीव घाबरणं कशामुळे होतं असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारायचं. ‘डोक्यात मुंग्या येतात’ असेल तर मुंग्याच. सीएफआयचं अर्धं बळ या कंसात आहे, आणि शिकणाऱ्यांच्या हातून सगळ्यात आधी हेच सुटतं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत ‘जीव घाबरणं’ असतं, चौथ्याला ते ‘तुमचं टेन्शन’ होतं आणि सातव्याला ‘तुमचं डिप्रेशन’. बाईने तो शब्द तोंडातून काढलेलाही नसतो. त्यानंतर उत्तरंही डॉक्टरी होतात: झोप नाही, भूक नाही, बास.

यावर सोपा उपाय म्हणजे तिघा-तिघांचे गट. एक समुपदेशक, एक अशील (म्हणजे मदत घ्यायला आलेला माणूस), एक निरीक्षक. निरीक्षकाने फक्त एकच मोजायचं: समुपदेशकाने अशिलाचा स्वतःचा शब्द किती वेळा वापरला आणि आपला किती वेळा घुसडला. कागदाच्या मधोमध रेघ मारून काट्या मारायच्या: डावीकडे अशिलाच्या शब्दाच्या, उजवीकडे समुपदेशकाच्या. पंचवीस मिनिटं मुलाखत, पंधरा मिनिटं चर्चा, मग जागा बदलायच्या. तीन फेऱ्यांना दोन तास लागतात. पहिल्या फेरीत बहुतेकांच्या काट्या उजव्या बाजूला असतात, आणि ते त्यांना स्वतःच दिसतं. भाषण द्यावं लागत नाही.

भूमिकांची चिठ्ठी मात्र नीट लिहिलेली हवी. ‘ग्रामीण भागातली महिला, वय ३५, नैराश्य’ एवढ्यावर कुणीही सिनेमातलं रडणं सुरू करतं. चिठ्ठी अशी लिहा: सोलापूर, विडी वळणारी, घरात तेलुगू, बाहेर मराठी. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पान खराब निघालं, विड्या बाद झाल्या तर पैसे कापले जातात. दवाखान्यात सांगते ‘अंग गळून जातं, पांढरं जातं’. सासूला सांगते ‘कंबर धरते’. बहिणीला, तेही तेलुगूत, सांगते ‘नको वाटतंय सगळं’. आता या चिठ्ठीवर दुसरा प्रश्न विचारून बघा, पण ‘समाज’ न म्हणता: ‘घरी कुणाला सांगितलंत का हे? त्यांना काय म्हणून सांगितलंत? आणि जिच्याशी मनातलं बोलता तिला?’ पहिल्या प्रश्नाला, म्हणजे इथे कशासाठी आलात याला, अशक्तपणा मिळतो. दुसरा असा पायरी-पायरीने विचारला तर बहिणीपर्यंत पोचतो, आणि तिथे कळतं की ही बाई जिवाला कंटाळली असू शकते. तिथेच सीएफआय बाजूला ठेवून थेट विचारायचं, की जीव द्यायचा विचार मनात येतो का, काही ठरवलं आहे का. सोळा प्रश्न पुरे करायचे म्हणून हे विसाव्या मिनिटापर्यंत लांबवणारे शिकाऊ दिसतात. त्यांना जागच्या जागी थांबवायला हवं.

‘पांढरं जातं’ आणि पुरुषांचं ‘धातू जातो’ हे दोन्ही शब्दप्रयोग प्रशिक्षणात मुद्दाम घ्यावेत. डीएसएममधल्या सांस्कृतिक त्रासांच्या यादीत ‘धात’ (वीर्य जाण्याची धास्ती) आहे, म्हणून पुस्तकी शिकणारा ते ऐकताच ‘कल्चरल सिंड्रोम’ म्हणून मोकळा होतो. उलट टोकाला, शहरातला समुपदेशक ते निव्वळ शारीरिक समजून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. दोन्ही अर्धवट. तपासणीला पाठवायचंच, कारण जंतुसंसर्गही असू शकतो. पण त्याबरोबर विचारायचं, की पांढरं गेल्याने शरीरातलं काय कमी होतं असं वाटतं? उत्तर बहुधा ‘ताकद’ असतं, आणि ताकद कशात जाते या वाटेने खरं बोलणं सुरू होतं.

चौथा प्रश्न कारणांचा. सोबतच्या सूचनेत वाईट प्रसंग, माणसांशी बेबनाव, शारीरिक आजार, आध्यात्मिक कारण अशी उदाहरणं दिलेली आहेत, आणि ती वाचून दाखवलीच पाहिजेत, कारण त्यामुळेच माणसाला ‘इथे बाहेरचं असं म्हटलं तरी चालेल’ असा धीर येतो. ती गाळली तर करणी, नजर, अंगात येणं यातलं काहीही दवाखान्यात बाहेर पडत नाही. पडलं तर दोन प्रकारचे समुपदेशक अडखळतात. एक, जो लगेच अंधश्रद्धेवर व्याख्यान देतो. दुसरा, जो संस्कृतीचा मान राखायचा म्हणून मान डोलावत राहतो. दोघांनाही पुढचा प्रश्न सुचत नाही, आणि तोच महत्त्वाचा असतो: ‘कुणी केलं असं वाटतं? त्यांच्याशी बोलणं-चालणं कसं आहे सध्या?’ करणीचा संशय हवेत नसतो, तो जावेवर, शेजाऱ्यावर, गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीवर असतो. नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवतात तेव्हा त्या संशयाचं पुढे काय होतं ते तिथल्या कुणालाही विचारा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. समुपदेशकाला तो पाठ असण्यापेक्षा, समोरचा माणूस कुणाला इजा करायच्या बेतात आहे का किंवा त्यालाच कुणी भोंदू मारझोड करतोय का, हे विचारता यायला हवं. सीएफआयच्या कागदावर हा उपप्रश्न नाही. हाताने लिहून घ्यावा.

पाचवा प्रश्न, घरच्यांना आणि आजूबाजूच्यांना काय कारण वाटतं, हा मराठीत अप्रतिम चालतो, एक ‘समाज’ शब्द टाळला की झालं. ‘तुमच्याकडची माणसं काय म्हणतात?’ एवढं पुरतं. स्वतःचं मत सांगायला कचरणारा माणूस ‘सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, भाऊ म्हणतो डोक्यावर परिणाम झालाय, शेजारी म्हणतात नाटकं’ असं घडाघडा सांगतो, आणि त्यातलं कुठलं त्याला लागलंय ते आवाजावरून कळतं. सहावा (कशाचा आधार मिळतो) आणि सातवा (कशाने त्रास वाढतो) सरळ आहेत. फक्त सातव्यातली ‘पैशाची अडचण’ तशीच न सोडता तिचं नाव विचारावं. बीडकडचं ऊसतोड करणारं जोडपं ‘उचल फिटली नाही’ म्हणालं आणि तुम्ही नोंदीत ‘कर्ज’ लिहिलंत, तर सगळं हुकलं. उचल ही मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. ती अंगावर राहिली की पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे कोयता लावावा लागतो, आणि नवरा-बायको मिळून कोयता एक. हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे संपतो. म्हणजे तेवढे महिने ते जोडपं तुमच्या गावात नसतंच. ‘दर आठवड्याला या’ हा सल्ला अशा वेळी विनोद ठरतो. तेराव्या प्रश्नात, मदत मिळण्यात काय आड आलं, याचं उत्तर सातव्यातच पडलेलं असतं. ते ऐकू यायला उचल म्हणजे काय ते ठाऊक हवं.

आता आठ ते दहा. सीएफआयची सगळ्यात पडकी बाजू. या तीन प्रश्नांआधी एक प्रास्ताविक वाचायचं आहे: कधीकधी माणसाच्या पार्श्वभूमीमुळे किंवा ओळखीमुळे त्रास कमी-जास्त होतो, म्हणजे तुम्ही ज्या समुदायातले आहात ते, भाषा, गाव, वंश, लिंग, लैंगिक कल, धर्म वगैरे. मग विचारायचं, की तुमच्यासाठी यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय, त्यातल्या कशाचा त्रासावर परिणाम होतो, आणि त्यामुळे आणखी काही अडचणी येतात का.

मराठीत हे अक्षरशः कोसळतं. ‘तुमची ओळख सांगा’ म्हटलं की गावाकडचा माणूस म्हणतो, ‘आपली कुणाची ओळख नाही साहेब.’ त्याच्या लेखी ओळख म्हणजे वशिला. ‘पार्श्वभूमी’ म्हटलं तर पोलिसांची फाइल आठवते. पारधी वस्तीतल्या माणसाला तर नक्कीच. आणि मूळ यादीत वंश आहे, धर्म आहे, पण जात नाही. मग गंमत बघा: जिथे जात नको होती तिथे, दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नात, ती ‘समाज’ होऊन घुसते. जिथे हवी होती, तिथे यादीतच नाही.

आधी प्रास्ताविक पूर्ण बदलायचं. मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या अशिलाला पार्श्वभूमी हा शब्द चालतो. बाकीच्यांना असं: ‘माणूस कुठल्या गावचा, कुठली भाषा बोलतो, काय काम करतो, कुठल्या जाती-धर्मात जन्मला, बाई आहे की पुरुष की आणखी काही, यावरून लोक त्याच्याशी वेगवेगळं वागतात. कधी त्याचा आधार होतो, कधी काच. तुमच्या बाबतीत असं काही होतं का?’ जात हा शब्द समुपदेशकाने स्वतः, सहज आवाजात, यादीतला एक म्हणून उच्चारायचा. यात अशिलाची जात विचारणं नाही. ‘इथे त्यावर बोललं तरी चालेल’ एवढं कळवणं आहे. शिकणाऱ्यांना हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्या पाच वेळा ‘जाती’पाशी आवाज खाली जातो किंवा हसू येतं, आणि अशिलाला नेमकं तेच ऐकू येतं.

मग प्रश्नांचा क्रम उलटायचा. ‘सगळ्यात महत्त्वाचं काय’ हा आठवा प्रश्न अमूर्त आहे, तो शेवटी न्या. आधी नववा, उदाहरणात बसवून: ‘या त्रासासाठी दवाखान्यात, शाळेत, कामावर गेलात तेव्हा कुणी वेगळं वागवलं का? कसं कळलं तुम्हाला?’ पुण्यात शिकायला आलेली ईशान्येकडची मुलगी हॉस्टेलच्या मेसचं, रिक्षातल्या टोमण्यांचं, घरमालकाचं सांगायला लागते. एखादा मुलगा आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलला ते सांगतो. हे उत्तर हाती आलं की आठवा प्रश्न विचारायची वेळच बहुधा येत नाही.

आडनावावरून आठवलं. नोंदणीच्या वेळी आडनाव विचारून ‘म्हणजे कुठले तुम्ही?’ हा जोडप्रश्न टाकायची आपल्याकडची सवय समुपदेशन केंद्रांतही असते, बहुधा स्वागतकक्षातच. सीएफआय शिकवून उपयोग नाही जर दारातच हे होत असेल. प्रशिक्षणाला स्वागतकक्षातल्या माणसालाही बसवा, निदान अर्धा दिवस. आणि आठ ते दहाची उत्तरं सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या रजिस्टरमध्ये लिहायची नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, आणि जात किंवा लैंगिक कल छोट्या गावात एका तासात बसस्टँडपर्यंत पोचतो.

अकरा ते तेरा हे भूतकाळाचे प्रश्न: स्वतः काय करून पाहिलं, कुणाकुणाकडे गेलात, काय आडवं आलं. यातला बारावा सोन्यासारखा आहे, पण ‘कुठकुठले उपचार घेतले’ असं विचारलं तर फक्त डॉक्टर मोजले जातात. क्रमाने विचारा: सगळ्यात आधी कुणाला दाखवलं? मेडिकलवरून गोळ्या घेतल्या का? देवाला काही बोललात का? भगत, देवऋषी, दर्गा, गाणगापूर? प्रत्येक ठिकाणी किती दिवस, किती पैसे, काय बरं वाटलं, काय नाही. आणि मग एक प्रश्न जो मूळ कागदावर नाही: ‘तिथे काही बंद करायला सांगितलं का?’ उपास, पथ्य किंवा ‘गोळ्या बंद ठेवा’ हे इथे सापडतं. आकडीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद असतील तर ते समुपदेशनाच्या आधी निस्तरावं लागतं. हा प्रश्न विचारताना चेहरा सरळ ठेवणं हेच कौशल्य. गाणगापूर ऐकून एक भुवई वर गेली की पुढचं नाव सांगितलं जात नाही.

चौदा आणि पंधरा ठीक. चौदाव्यात ‘तुम्हाला काय मदत हवी?’ याला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: ‘तुम्हीच सांगा.’ याला शिकाऊ हार समजतात. ती हार नाही; मोठ्या माणसाकडे आल्यावर बोलायची ती रीत आहे. दोन-तीन पर्याय मांडा, मग विचारा यातलं घरी जमण्यासारखं काय.

सोळावा प्रश्न सीएफआयमधला सगळ्यात प्रामाणिक, आणि आपल्याकडे सगळ्यात निकामी. तुमच्या-आमच्या वेगळेपणामुळे गैरसमज होईल अशी काळजी वाटते का? उत्तर कायम एकच: ‘नाही हो ताई, तुम्ही किती चांगलं बोलता.’ ज्याच्याकडून मदत घ्यायची त्याच्या तोंडावर कोण सांगेल? तिसऱ्या माणसावर ढकलून विचारा: ‘इथे येणाऱ्या काहींना वाटतं, आपलं बोलणं बाहेर जाईल, काहींना वाटतं, ह्या शहरातल्या, ह्यांना आमचं काय कळणार. तुम्हाला यातलं काय वाटलं?’ आणि तेही पहिल्या भेटीच्या शेवटी न विचारता दुसऱ्या भेटीच्या सुरुवातीला. तोवर माणूस घरी जाऊन आलेला असतो आणि घरच्यांनी काहीतरी टोचलेलं असतं.

या प्रश्नाचा सराव करायला सीएफआयच्या संचात काही नाही. तिथे मानसशास्त्रज्ञ पॉल पीडरसन यांची त्रयी-पद्धत उसनी घ्यावी. अशिलाच्याच संस्कृतीतली दोन माणसं त्याच्या दोन बाजूंना बसतात. एक त्याच्या मनातला विरोध मोठ्याने बोलत राहतो (‘ही काय मदत करणार, हिचं लग्न तरी झालंय का?’), दुसरा समुपदेशकाच्या बाजूने. समुपदेशकाला तिन्ही आवाज ऐकत मुलाखत चालवायची असते. दहा मिनिटांत घाम फुटतो. एक काळजी घ्या: विरोधी आवाज त्या समाजगटाबाहेरच्या माणसाने काढायचा नाही. तो काढला की दोन मिनिटांत नक्कल आणि टवाळी सुरू होते, आणि गटात त्या समाजाचं कुणी बसलं असेल तर ते पुन्हा प्रशिक्षणाला येत नाही.

दुभाषा लागत असेल तर सीएफआयचा वेळ जवळपास दुप्पट धरा. एरवी ती वीस ते तीस मिनिटांत होते. पावरी, गोंडी किंवा कन्नड बोलणाऱ्या अशिलाबरोबर आलेली दहा वर्षांची पोर दुभाषी म्हणून चालणार नाही, आणि सासूही नाही. सासूसमोर सहावा-सातवा प्रश्न विचारण्यात अर्थच नाही. आशाताई चालेल का, हे अशिलालाच विचारा. ती त्याच गावची आणि नात्यातली असू शकते. दुभाष्याला आधी पाच मिनिटं समजावून सांगायचं, की ‘मी’ म्हणूनच बोला, ‘ती म्हणते’ नको. आणि त्रासाचं नाव भाषांतर करू नका, मूळ शब्द तसाच सांगा. तो शब्द देवनागरीत, जसा ऐकू आला तसा, नोंदीत जायला हवा. बसताना तिघांचा त्रिकोण करायचा, बोलताना नजर अशिलाकडे.

कुठे वापरूच नये? माणूस भ्रमात असेल, नशेत असेल, जिवाला धोका असेल, स्मृती फार कमी झाली असेल तर मुख्य मुलाखत नको. तिथे आधी सुरक्षितता आणि उपचार, आणि माहिती हवी असेल तर सतरा प्रश्नांची नातेवाइकांची आवृत्ती. फोनवरच्या हेल्पलाइनवरही पूर्ण सोळा प्रश्न चालत नाहीत. पहिला, चौथा, बारावा आणि चौदावा एवढे घेऊन काम भागतं. परदेशात मराठी कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या तिथल्या समुपदेशकांसाठी मात्र ती जवळजवळ तशीच्या तशी चालते, कारण इंग्रजीतला ‘आयडेंटिटी’ तिथल्या मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आलेला आहे. तिथे सहाव्या प्रश्नाला मदत आणि सातव्याला ताण या दोन्ही ठिकाणी ‘सहा महिन्यांसाठी आलेली आई’ हे एकच उत्तर आलं तर गोंधळून जाऊ नये.

आणखी एक तक्रार, सगळ्यांत शेवटी कळणारी. मुलाखत छान होते, चार पानं भरतात, आणि उपचाराची योजना आधी होती तीच राहते. सीएफआयला गुण नाहीत, बेरीज नाही, ‘म्हणून आता असं करा’ हा भाग नाही. हा दोष साधनाचाच. म्हणून प्रशिक्षणात शेवटचे दोन तास लिहिण्याला द्या. प्रत्येकाने आपल्या मुलाखतीवरून फक्त आठ ओळी लिहायच्या: त्रासाचं नाव त्याच्या शब्दांत, त्याच्या मते कारण, घरच्यांच्या मते कारण, कुणाचा आधार, कशाचा काच, आधी काय करून झालं, येण्यात काय आडवं येतं, आणि या सात ओळींमुळे आपल्या योजनेत बदललेली एक गोष्ट. आठवी ओळ रिकामी राहिली तर मुलाखत पुन्हा घ्यायची. विडीवाल्या बाईच्या चिठ्ठीवर ती ओळ अशी येऊ शकते: भेट विड्या जमा करायच्या वाराला ठेवायची नाही, आणि दुसऱ्या भेटीला बहिणीला बोलवायचं, अर्थात तिला विचारून.

गुण द्यायचे तर शिकवण्याचं साधन म्हणून पाचपैकी चार, मराठीत न बदलता वापरलेला फॉर्म म्हणून दोन. वर्गात सोळा-अठराहून जास्त माणसं घेऊ नका, सहा गटांवर नजर ठेवता येते, दहांवर नाही. एक दिवसाची कार्यशाळा घेऊ नका. पहिल्या दिवशी लोक प्रश्न शिकतात, दुसऱ्या दिवशी गप्प बसायला. छापायचं असेल तर मुख्य मुलाखत आणि नातेवाइकांची आवृत्ती छापा, मॉड्यूलांपैकी सांभाळ करणाऱ्यांचं आणि स्थलांतरितांचं घ्या. स्थलांतरितांचं मॉड्यूल देश ओलांडणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, तरी तिथे जिल्हा ओलांडणारा घालून वाचलं तर ऊसतोडीला, वीटभट्टीला आणि मुंबईत आलेल्या बिहारी सुताराला बऱ्यापैकी लागू पडतं. बाकीची दहा मॉड्यूलं सध्या संगणकातच राहू द्या. आणि प्रती काढताना डाव्या रकान्याची अक्षरं मोठी करून घ्या, म्हणजे तो वाचला जाईल.